साच्यातलं नाव

सर, परवा तुमच्या दफनविधीच्या स्लाइड करायला बसले आणि मला एक अक्षरही बदलावं लागलं नाही. फाइल उघडली, तर पहिल्याच स्लाइडवर तुम्ही होतात. ‘प्रभूमध्ये निजलेले आपले बंधू रेव्ह. दानिएल भिकाजी पाटोळे.’ तळाशी तारीख होती, तीही परवाचीच. बारा स्लाइड, पाच ठिकाणी नाव, सगळं जागच्या जागी. बाहेर मंडळी जमत होती, पेटी घरून निघाली होती, आणि देवळाच्या बाजूच्या त्या खोलीत मी नुसती हात मांडीवर ठेवून बसले होते. इतक्या दफनांत माझ्या हाताला काम नाही असं पहिल्यांदाच झालं.

तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं काम परवा सगळ्यांनी केलं. सातवीत तुम्ही मला गणित शिकवलंत, शाळा सोडून पाळक झालात, जामखेडच्या मंडळीची इतकी वर्षं सेवा केलीत, हे तुम्हाला सांगण्यात काय अर्थ आहे? मला तुमच्याशी भांडायचं आहे. आणि त्याच्या आधी एक कबुली द्यायची आहे. शांताबाईंच्या दफनाच्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी खोटं उत्तर दिलं. त्याला चार महिने झाले. या चार महिन्यांत खरं सांगायला मला रोज सवड होती, कारण रोज संध्याकाळी आपण त्याच खोलीत बसत होतो.

कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही किती मिरवलं होतं. परदेशातल्या कुणा पाहुण्या मंडळीने तो दिला, सोबत एक अवजड प्रोजेक्टर आणि शास्त्राभ्यासाची सीडी. मला बोलावलंत ते माझे टायपिंगचे क्लास होते म्हणून. कॉम्प्युटर मीही तोवर नगरला दोन-तीनदाच पाहिला होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकला की शास्त्रात तो जिथे जिथे आहे तिथली वचनं ओळीने उभी राहायची. हवं ते वचन निवडलं की ते विचारायचं, स्लाइडसाठी याचं चित्र करू, की बदलता येईल असा मजकूर ठेवू? तुम्ही नेहमी दुसरं सांगायचात. कारण सगळं इंग्रजीत. तुम्ही इंग्रजी वचन स्लाइडवर उतरवून ठेवायचं आणि मी ते खोडून त्या जागी मराठी टाइप करायचं, अशी आपली वाटणी होती. शिवाय रविवारी पहिली घंटा होईपर्यंत तुमचा उपदेश बदलत राहायचा. उपदेशाला आणि माझ्या टायपिंगला, दोन्हींना दुरुस्तीला जागा हवी, असं म्हणून तुम्ही मला चिडवायचात. तुमचं स्वतःचं टायपिंग म्हणजे कोंबडीने दाणे टिपावेत तसं, एका बोटाने, मान खाली घालून.

दफनविधीसाठी मात्र आपण एकच साचा केला होता. गीतं तीच, प्रार्थनांचा क्रम तोच, फक्त नाव बदलायचं, आणि बाई असेल तर ‘निजलेले आपले बंधू’च्या जागी ‘निजलेल्या आपल्या भगिनी’. आणि त्या साच्यातच आपलं पहिलं पाप घडलं. सुदाममामांच्या दफनाला चौथ्या स्लाइडवर नाव आलं ते रत्नाबाईंचं. त्या पंधरा दिवसांपूर्वी गेल्या होत्या, त्यांचंच नाव आधी साच्यात होतं आणि एका जागी बदलायचं माझ्याकडून राहिलं. त्यांचे मालक, याकोबबाबा, तिसऱ्या बाकावर बसले होते. ते उठून उभे राहिले. भिंतीकडे त्यांनी पाहिलंच नाही, मान वळवून दाराकडे पाहायला लागले, कुणी आत येतंय तसं. सगळं देऊळ त्यांच्याबरोबर दाराकडे वळलं. मीही वळले. दारात ऊन होतं, आणखी काही नव्हतं.

मला वाटलं, संध्याकाळी ते भांडायला येतील. आले, पण भांडले नाहीत. टोपी हातात धरून खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, माजी रत्ना सकाळी हितं आली हुती. परत दावता का? एकदाच.”

तुम्ही मला खुणेने नको म्हणालात. मग तुम्हीच त्यांना दंडाला धरून घरी पोहोचवून आलात. परत आल्यावर खुर्ची ओढून त्या एका बोटाने साच्यात रत्नाबाईंच्या जागी स्वतःचं नाव घातलंत, पाचही ठिकाणी, पदवीसकट. म्हणालात, यापुढे तुझ्याकडून बदलायचं राहिलंच, तर कुणाच्या घरचं गेलेलं माणूस असं परत येणार नाही. फार तर माझं नाव दिसेल, आणि मी समोर जिवंत उभा असेन. लोक हसतील आणि विसरतील.

मी तुमच्यावर तुटून पडले, आठवतं ना? जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांच्या साच्यात घालायचं नसतं, असं मी म्हणाले. तुम्ही हसलात. “मंदा, तू टायपिंग शिकवतेस. ज्योतिष कधीपासून सुरू केलंस?” शकुन-अपशकुन मानायचे तर गळ्यातला क्रूस काढून ठेव, असंही म्हणालात. ते मला लागलं. तुमच्याशी वाद घालून कधी कुणाचं भलं झालंय? पण मी तो सोडला नाही. दीड वर्ष तो वाद चालूच राहिला, दर दफनाला नव्याने.

कारण दर दफनाला मलाच ते बघायला लागायचं. साचा उघडला की आधी तुम्ही गेलेले असायचात. तळाशी तारीख त्या दिवशीची, कारण ती आपोआप बदलायची. त्यामुळे ही बातमी जुनी आहे असं स्वतःला सांगण्याचीही सोय नव्हती. मी बसल्या जागेवरून दाराबाहेर पाहायचे. व्हरांड्यात तुम्ही कुणाशी तरी बोलत असायचात, नाहीतर खोकत असायचात, तो खोकला ऐकला की मला बरं वाटायचं. मग मी रत्नाबाईंच्या घोळानंतर शिकलेली आज्ञा द्यायचे, तुमच्या नावाच्या जागी अमक्याचं नाव घाल, आणि कॉम्प्युटर एका दमात सगळीकडे ते बदलायचा. ती फाइल वेगळ्या नावाने ठेवायची. साचा मात्र तसाच राहायचा. पुढच्या वेळी उघडावा तर तुम्ही परत तिथेच.

एका जागेसाठी दुसऱ्या माणसाला पुढे करून मी तुम्हाला त्या यादीतून दरवेळी सोडवून आणते आहे, असं मला वाटायला लागलं होतं. हे कुणाला सांगणार? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चहा येईपर्यंत हसला असता. मी नुसतं म्हणायचे, सर, ते नाव काढा. तुम्ही म्हणायचात, दोन हजार साल उजाडलं की सगळेच कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात, तेव्हा आपोआप निघेल.

शांताबाई गेल्या त्याच्या आदल्या रविवारी तुम्ही गायकमंडळींच्या देखत माझी थट्टा केलीत. मंदाबाईंना माझी फार काळजी, रोज मला मारतात आणि रोज उठवतात, असं म्हणालात आणि सगळे हसले. तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी संतापले होते. आणि शांताबाईंच्या स्लाइड करताना मी सगळीकडे त्यांचं नाव घातलं, एकेक स्लाइड तपासली, आणि मग नवव्या स्लाइडवर त्यांच्या नावाची ओळ खोडून तुमची परत टाइप केली. हाताने. पदवीसकट.

हीच ती कबुली, सर. मी विसरले नव्हते.

मला वाटलं होतं, एक क्षण नाव दिसेल, लोक हसतील, तुम्ही ओशाळाल आणि निदान चारचौघांत फजिती झाली म्हणून तरी साच्यातून नाव काढाल. नववी स्लाइड कधी येते याचा मी विचारच केला नव्हता. ती पेटीवर हात ठेवून करायच्या प्रार्थनेची. त्या प्रार्थनेला तुम्ही नेहमीची जागा सोडून पेटीजवळ आलात, म्हणजे बरोबर प्रोजेक्टरच्या उजेडात. मी बटण दाबलं आणि तुमचं नाव भिंतीवर पडायच्या आधी तुमच्या पांढऱ्या झग्यावर पडलं. आधी पाठीवर. मग तुम्ही वळलात तेव्हा छातीवर. ‘प्रभूमध्ये निजलेले’ एका बाहीवर होतं, आणि तुमचं नाव मधोमध, श्वासाबरोबर वरखाली होत होतं.

कुणीही हसलं नाही. याकोबबाबांनी डोळे मिटून घेतले. तुम्ही मान खाली करून स्वतःच्या छातीकडे पाहिलंत, आणि झग्यावरून एकदा हात फिरवलात, खडूची भुकटी झटकावी तसा. अक्षरं तुमच्या हाताच्या पाठीवर चढली आणि हात खाली गेल्यावर परत झग्यावर बसली. मला पुढचं बटण दाबायचं सुचेना. मग तुम्ही प्रार्थना सुरू केलीत, आवाज नेहमीचाच होता. पण जिथे गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं तिथे थांबलात. फार वेळ थांबलात. मला वाटलं, तुम्ही आता स्वतःचं नाव घेणार. शेवटी ‘शांताबाई’ म्हणालात, तेव्हा कुठे मी बटण दाबलं.

दफनभूमीवरून परत आल्यावर तुम्ही खोलीत आलात आणि विचारलंत, “मंदा, विसरलीस ना?”

“हो, सर.”

“होतं असं,” तुम्ही म्हणालात. आणि चहा मागवलात.

त्यात एक गंमत आहे, आता गंमतच म्हणायची. एका दमात सगळीकडे नाव बदलायची आज्ञा तुम्हाला मीच शिकवली होती, आणि ती दिल्यावर एकही जागा सुटत नाही हेही मीच सांगितलं होतं. तेव्हा माझं उत्तर तुम्हाला पटलं असेल असं मला त्या दिवशीही वाटलं नाही. तुम्ही साच्यातलं नाव काढलं नाहीत आणि त्याबद्दल परत बोललाही नाहीत. मीही बोलले नाही. आपला दीड वर्षाचा वाद त्या दिवशी बंद पडला, आणि तो मिटला म्हणून पडला नव्हता. पुढे एक गोष्ट मात्र मी पाहिली. त्यानंतर तुम्ही कधीही त्या उजेडात पाऊल ठेवलं नाही. उपदेश खिडकीला टेकून करायचात, प्रभुभोजनाच्या वेळी तर प्रोजेक्टर बंद करायला सांगायचात, डोळ्यांना त्रास होतो म्हणून.

तेरवा सकाळी चहा ठेवून पाळकबाई बाहेर आल्या तर तुम्ही खुर्चीत मान टाकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच वर्षांपासून दुबळं होतं. तुम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं, गोळ्या शास्त्राच्या कपाटात मागे ठेवत होतात. झग्यावर पडलेल्या उजेडाने माणूस मरत नाही, हे मला कळतं. मी अपशकुन मानत नाही, निदान तुमच्यासमोर तरी मानत नव्हते. पण परवा त्या खोलीत साचा उघडून बसले आणि सवयीने दाराबाहेर कान गेला. व्हरांड्यात बरीच माणसं होती. खोकला कुणाचाच नव्हता.

नगरहून आलेल्या पाळकांनी विधी केला. काल त्यांनी मला विचारलं, साहेबांनी एखादा उपदेश करून ठेवला आहे का, या रविवारी तोच वाचू. म्हणून मी आज दुपारी तुमचं शास्त्राभ्यासाचं सॉफ्टवेअर उघडलं. ते तुमचं होतं, मी त्याला कधी हात लावला नव्हता. मी फक्त तुम्ही दिलेलं इंग्रजी खोडायचे. शोधायच्या चौकटीवर बाण दाबला की आधी शोधलेले शब्द उघडतात, हे मला आजच कळलं. अगदी तळाशी तुमचे जुने शब्द होते. पीक, भाकर, मेंढपाळ, लग्न. त्यांच्यावर, शेवटचे, सगळे एकाच जातीचे. भय. भ्याला. थरथर. सावली. मग परत भय. परत भय. इंग्रजीत होते, पण तेवढं इंग्रजी मला येतं. सीडी घरघर फिरत होती आणि मी ते वाचत होते. रोज संध्याकाळी मी शेजारी बसून पुढच्या रविवारची गीतं टाइप करत होते तेव्हा तुम्ही हे शोधत होतात, सर? आणि मध्येच मान वर करून विचारायचात, मंदा, भजी आणायची का?

उपदेशाची फाइलही सापडली. वचनं तुम्ही उतरवून ठेवली आहेत, सगळी इंग्रजीत, मजकूर बदलता येईल असा, म्हणजे मराठी मी घालायचं. सात स्लाइडवर वचनं, आणि आठवीवर तुमच्या एका बोटाने केलेलं टाचण, स्वतःसाठी. ‘शांताबाईंच्या वेळी मी भ्यालो, ते मंडळीला सांगावं. पाळक भीत नाही असं त्यांना वाटू नये.’ आणि त्याच्या खाली, वेगळ्या ओळीवर, ‘मंदाला विचारू नये.’

मी ती ओळ किती वेळा वाचली ते विचारू नका. आधी रडले. मग तुमचा राग आला. का विचारू नये? चार महिने माझ्या शेजारी बसून तुम्ही मला सांभाळून घेत होतात आणि मी समजत होते, मी तुमच्यापासून काहीतरी लपवते आहे. तुम्ही एकदा विचारलं असतंत, दुसऱ्यांदा, तर मी हो म्हटलं असतं. म्हटलं असतं का? तुम्ही असता तर मला हे ठामपणे सांगता आलं नसतं, तेव्हा आताही सांगत नाही.

संध्याकाळी मी पाळकबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, शेजारणींनी आणून दिलेले. मी त्यांना सगळं सांगितलं, नवव्या स्लाइडपासून. त्या ताटातले खडे बाजूला काढत राहिल्या. मला वाटलं, त्या आता मला उठून जायला सांगतील.

“त्या दिशी घरी आल्या आल्या झगा काढून दिला,” त्या म्हणाल्या. “म्हनले, धू. मी म्हनलं, परवाच धुतलाय, मळला न्हाई. तरी धुवायला लावला. वाळल्यावर उन्हात धरून बगत बसले. मला म्हनले, तू बग, काय राह्यलंय का. मी म्हनलं, काय न्हाई, पांढराफेक हाय. तरी परत धुवायला लावला.”

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, रविवारी स्लाइड तूच लावणार ना? मी हो म्हणाले.

आता मी परत खोलीत आले आहे. सात स्लाइडवरचं इंग्रजी खोडून मराठी घालून झालं. आठवीवर तुमचं टाचण आहे तसं आहे. नगरच्या पाळकांना मी सांगणार आहे की ही स्लाइडही उपदेशातलीच आहे. ती ओळ खोडायला मला एक क्षण पुरेल, तेवढंच तर मी इतकी वर्षं करत आले. पण मी ती ठेवणार आहे. रविवारी ‘मंदाला विचारू नये’ हे भिंतीवर आलं की सगळी मंडळी मागे वळून माझ्याकडे बघेल. मी प्रोजेक्टरपाशी बसून राहणार नाही, सर. पुढे जाऊन त्या उजेडात उभी राहीन, ती ओळ माझ्या अंगावर पडू देईन, आणि तुम्ही जे विचारलं नाहीत त्याचं उत्तर त्यांच्यासमोर देईन.